बापूंचा पोटहिस्सा

बापू इडली खायला बसतात ते पट्टी घेऊन. नकाशावरचं अंतर मोजायची, कडा झिजलेली, पारदर्शक पट्टी. इडली ताटलीच्या मधोमध ठेवायची, पट्टी लावून सुरीने तीन आडव्या आणि तीन उभ्या रेघा मारायच्या. सोळा तुकडे. त्यातले सहा बापूंचे. उरलेले दहा शेजारच्या मास्तराचे, म्हणजे माझे.

या पट्टीचं मूळ एका फोनमध्ये आहे. वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यावर कोल्हापूरच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी व्हिडिओवर सांगितलं होतं, "काका, घन आहार सुरू केलात की प्रत्येक घास हरभऱ्याएवढा घ्यायचा."

बापू अधिकारी माणसाशी बोलताना शुद्ध बोलतात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हरभरा सुका धरायचा की भिजवलेला? दोन्हींच्या क्षेत्रात फरक आहे."

मॅडम स्क्रीनच्या जवळ आल्या. मग म्हणाल्या, "भिजवलेला."

"आदेशाप्रमाणे कार्यवाही करतो," म्हणून बापूंनी फोन ठेवला आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकीला, हाक मारली, "सुलू, चार चणे भिजत घाल गो. नमुन्याक."

बापू भूमी अभिलेख खात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाले. मालवण, कुडाळ, देवगड, या तीन तालुक्यांत असा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नसेल ज्याच्या कडेने बापू चालले नाहीत. जिल्ह्यात जमीन थोडी आणि भाऊ फार, त्यामुळे बापूंना कामाचा तुटवडा कधी पडला नाही. आणि मोजणीदार दारात आला की कोकणातला माणूस त्याला उपाशी जाऊ देत नाही. ज्याने मोजणी मागितली त्याच्याकडे कोंबडी-वडे असायचेच. पण बापू न्यायी माणूस. ते ज्याच्याविरुद्ध मोजणी आहे त्याच्याकडेही जेवायचे.

"एकाकडे जेवलंय आणि दुसऱ्याकडे नाय, तर माप वाकडा म्हणतले लोक," ते सांगायचे. "नोकरीत माझ्यार एक तक्रार नाय. कित्याक? दोनय बाजूंक सारखो जेवलंय."

चार भावांची वाटणी असली की त्या दिवशी चार जेवणं. एका गावात पाच भाऊ निघाले, तेव्हा बापूंनी मोजणी दोन दिवस चालवली. संध्याकाळी घरी आले की पायरीवरच चप्पल काढता काढता आत ओरडायचे, "मी खाऊन इलंय गो!" आमच्या घरी ते ऐकू आलं की आई म्हणायची, सहा वाजले वाटतं.

या निःपक्षपातीपणाचा परिणाम हळूहळू दिसू लागला. निवृत्तीच्या वेळी घरातल्या वजनकाट्याने हात टेकले आणि बापूंना काजूच्या वखारीतल्या काट्यावर, पोती वजन करतात तिथे, उभं राहावं लागलं. एकशे एकेचाळीस किलो. गुडघे गेले. साखर आली. झोपेत श्वास अडकू लागला. तीन घरं पलीकडे ऐकू जाणारं त्यांचं घोरणं मध्येच थांबायचं आणि मग काकी उठून बसायची, ते परत सुरू होईपर्यंत. शेवटी पुण्याची लेक आली, बापाशी भांडली, रडली आणि त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली.

ऑपरेशन करून आलेल्या बापूंना भेटायला मी गेलो तर ते खाटेवर बसून स्वतःच्या पोटाकडे बघत होते. कुतूहलाने, नव्या गावात पहिल्यांदा मोजणीला उतरलेल्या माणसासारखे.

"मास्तरा, पोटाचो पोटहिस्सो पडलो," ते म्हणाले. "मूळ नंबर कायम. क्षेत्र चौथाई. बाकीचा पोटखराबा होता, ता डॉक्टरान काढून टाकला."

सातबाऱ्यावर वाटणीतल्या तुकड्याला पोटहिस्सा आणि लागवडीला निरुपयोगी भागाला पोटखराबा म्हणतात. हे शब्द पोटाला इतके चपखल बसतील हे बापूंना तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं याचंच त्यांना नवल वाटत होतं. येईल त्याला ते हा विनोद सांगायचे. काकी आत भांडी जोरात ठेवायची.

पहिले दोन आठवडे पेजेची निवळ, ताक, डाळीचं पाणी. मग दोन आठवडे सगळं मिक्सरमधून काढलेलं. बापू एकेक चमचा तोंडात घेऊन डोळे मिटायचे आणि तो आत कुठपर्यंत पोचला ते सांगायचे. "आता घसो ओलांडल्यान... आता छातीच्या हद्दीत... थांब, थांब... पोचलो." मला त्यांनी पंच नेमलं होतं. मोजणीला पंच लागतो, तसा जेवणाला. शाळा सकाळची असल्याने दुपारी साडेबाराला मी मोकळा असे आणि बापू गडग्यावरून हाक मारत, "मास्तरा, पंच म्हणान ये!"

पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते असं मॅडमनी सांगितलं होतं. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळतं. बापूंना शिंक यायची. एकच, पण खणखणीत. शिंक आली की चमचा खाली. "हद्द इली," म्हणायचे. एकदा पाचव्या चमच्याला शिंक आली, तर ती पोटाची की मिरपुडीची यावर आम्ही बराच वेळ चर्चा केली. बापूंचं म्हणणं पडलं की फेरमोजणी करावी. काकीने चमचाच उचलून नेला.

घन आहार सुरू व्हायचा दिवस जवळ आला तसं गावाला चैन पडेना. बापू पहिलं काय खातील? सोसायटीच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर हाच विषय. कुणी सुरमई म्हणे, कुणी कोंबडी. बापूंनी खाल्लं उकडलेलं अंडं, पट्टी लावून, बत्तीस वेळा चावून. लोकांची निराशा झाली. पण बापू खूश होते. "अंड्याक चव असता रे," मला म्हणाले. "आजपर्यंत माका म्हायतच नव्हता. गिळूनच टाकलंय सगळी."

चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी वाडीत एक बारसं होतं. यजमानाची जमीन बापूंनी मोजलेली. तो आग्रहाला आला, "बापूनू, एक वडो. तुमच्यासाठी मुद्दाम."

बापूंनी पट्टी घरी ठेवली होती. त्यात पंगतीत कुणीतरी जुन्या मोजणीचा विषय काढला, कुठल्याशा पाणंदीच्या वाटेचा. बापू रंगात आले. बोलता बोलता वड्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि पूर्वीसारखा गिळला.

वाक्य अर्ध्यावर थांबलं. बापूंनी छातीवर हात ठेवला. कपाळावर घाम फुटला, तोंडात लाळ भरून आली, बोलता येईना. घास खाली जाईना आणि वर येईना. मी आणि यजमानाने धरून त्यांना मागच्या पडवीत नेलं. काकी धावत आली. पाठीवरून हात फिरवत राहिली. वीसेक मिनिटांनी घास उलटून पडला आणि बापू मोकळा श्वास घेऊ लागले. तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. बापू घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला गडग्यावरून हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी गेलो तर बापू वाटीतून पेजेचं पाणी पीत होते. समोर काकीने उकडलेल्या माशाचा एक तुकडा ठेवला होता. तो तसाच होता.

"बापू, पंच आलाय," मी म्हटलं.

"आज मोजणी नाय." ते हसले नाहीत. माशाचा तुकडा बाजूला सारत म्हणाले, "मास्तरा, ह्या जिल्ह्यातल्या सगळ्या घरांत जेवलंय मी. आता एका घासाक घाबरतंय. तोंडात घातलंय की वाटता, हो घास अडाकतलो."

मॅडमनी फोनवर समजावलं, मग रागावल्या. नुसत्या पाण्यावर शरीर कसं चालेल? बापू "होय मॅडम, नोंद घेतली" म्हणत आणि पुन्हा पेजेचं पाणीच पीत. आठ दिवसांत चेहरा उतरला. उठताना भिंत धरू लागले. लेकीने पुन्हा कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. बापू गाडीत बसायलाही घाबरत होते.

मग एका दुपारी हाक आली, पण काकीची. "मास्तर, वायच येशात?"

मी गेलो. बापू जमिनीवर पाटावर बसले होते. समोर छोटी ताटली, त्यात दोन चमचे मऊ भात आणि काटा काढलेला मासा. आणि त्यांच्या समोर, दुसऱ्या पाटावर, आपलं ताट घेऊन काकी बसली होती. इतक्या वर्षांच्या शेजारात काकीला बसून जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो.

"माझ्याकडे बघा," ती बापूंना म्हणाली. "मी चावतंय तसा चावा. मी गिळतंय तेव्हा गिळा. माझ्या आधी नाय."

बापूंनी घास घेतला. काकीने घेतला. दोघं एकमेकांच्या जबड्याकडे टक लावून चावत होती. मी मनात आकडे मोजत होतो. काकीने गिळलं. बापूंनी डोळे मिटून गिळलं. आम्ही तिघंही थांबलो.

"घास गेलो," बापू कुजबुजले.

दुसरा घास गेला. तिसरा गेला. प्रत्येक वेळी बापू दम घेईपर्यंत काकी आपले चार घास उरकत होती. चौथ्याला बापूंच्या लक्षात आलं की काकीचं ताट रिकामं आहे.

"इतक्यात जेवलंस?"

"माझा असाच. पाच मिन्टां. उभ्यानच जेवतंय मी रोज."

"कित्याक गो?"

काकीने पदराने तोंड पुसलं. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, विचारलं म्हणून सांगत होती. "रोज रातीचा दोन माणसांचा रांधी होतंय. तुमी येवन सांगी होतास, जेवन इलंय. लेक गेली हॉस्टेलाक. मगे एकट्या माणसान पाट मांडून किती येळ बसाचा? उभ्यान खाल्ला की कळना नाय, समोर कोण नाय ता."

बापूंच्या तोंडात घास होता. तो त्यांनी किती वेळा चावला ते मी मोजलं नाही. गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुलू, तुका काय आवडता खावक?"

काकी माझ्याकडे बघू लागली, जणू प्रश्न मला विचारला होता. मग ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "पेडवे."

"मगे कधी केलंस नाय ते?"

"तुमका काटे आवडनत नाय."

पेडवे म्हणजे बोटभर लांबीचे मासे. स्वस्त आणि काट्यांनी भरलेले. मोजणीच्या घरी पाहुण्याला ते कुणी वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू काठी घेऊन स्वतः नाक्यावर गेले. मासेवालीकडे त्यांनी पेडवे मागितले तेव्हा तिने दोनदा विचारून घेतलं. घरी आल्यावर काकी म्हणाली, डॉक्टरांनी काट्यांचा मासा नको सांगितलाय. बापू म्हणाले, "माका नाय."

दुपारी मी गेलो. दोन पाट समोरासमोर मांडलेले. बापूंचं दोन-चार घासांचं जेवण आटोपलं होतं, तरी ते उठले नव्हते. चष्मा नाकाच्या टोकावर ओढून ते तळलेला पेडवा हातात घेऊन बसले होते. सीमेचा दगड उकरून बघावा तसे हलक्या हाताने मधला काटा सोडवत होते. मग बाजूचे केसासारखे बारीक काटे, एकेक करून. उजेडाकडे धरून बघत. एक मासा साफ व्हायला तीन-चार मिनिटं लागत. झाला की काकीच्या ताटात ठेवत आणि पुढचा घेत.

"माका येतत काटे काढूक," काकी म्हणाली. "जन्म गेलो हय."

"गप जेव. घाई कोणाक आसा?"

काकी जेवत होती. हळूहळू, मांडी घालून. बापूंचा मासा व्हायच्या आधी तिचा घास संपे, आणि मग ती नुसती बसून राही, त्यांच्या बोटांकडे बघत. बाहेर गडग्यावर कावळा येऊन बसला होता, त्यालाही कुणी हाकललं नाही.

चौथ्या माशाला काकी म्हणाली, "मीठ वायच कमी पडला."

आणि सवयीने उठायला म्हणून तिने हात जमिनीला टेकला.

"बस," बापू म्हणाले. भिंत धरून ते स्वतः उठले. सैल झालेला लेंगा एका हाताने सावरत स्वयंपाकघराच्या फळीपाशी गेले. एक डबा उघडला, त्यात साखर. दुसरा उघडला, रवा. तिसऱ्यात नाक घालून वास घेतला. तिन्ही तालुक्यांतल्या घरांच्या हद्दी तोंडपाठ असलेला माणूस आपल्या घराच्या फळीपुढे गोंधळून उभा होता.

"मीठ खंय ठेवतंस गो?"

काकीने हात जमिनीवरून उचलून परत ताटात नेला.

"थंयच आसा," ती म्हणाली. "सोधा वायच. मी बसलंय."