मागच्या सीटवरचे पोफळेकाका

मोहोरगावात जुनी गाडी घेतली की तिच्या मागच्या सीटवर जुना मालक येतो. गाडी विकली तरी माणूस तिच्यातून उतरू शकत नाही, एवढी साधी गोष्ट. त्याला दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा चहा नव्या मालकाने द्यायचा. म्हणून तर तिथल्या जाहिरातींत 'सिंगल ओनर' हे शब्द ठळक छापलेले असतात. थर्ड ओनर गाडी स्वस्तात पडते, पण तिच्या मागे तीन माणसं खेटून बसलेली असतात आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

उज्ज्वला खटावकरला नवीच गाडी हवी होती. हौस म्हणून नाही हो! तिची आई साळशेतला भावाकडे पडून होती, खुब्याचं हाड मोडलेलं. भावजयीने स्पष्ट सांगितलं होतं, या महिन्यानंतर आमच्याच्याने होणार नाही. आईला आणायचं तर मागच्या सीटवर आडवं निजवूनच आणायला हवं. भाड्याच्या गाड्या सगळ्या चौथ्या-पाचव्या हाताच्या, दारापर्यंत भरलेल्या. गावातल्या रुग्णवाहिकेत तर पेशंटलाच जागा नसे.

"मागची सीट रिकामी पाहिजे. बाकी मला काही कळत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

पण दिगंबर खटावकरांना सगळंच कळत होतं. "अगं, नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली रे पडली की तिची किंमत धाडकन खाली येते. विमा जास्त, हप्ते जास्त. जुन्यात काय जातं? एका माणसाचा चहा."

"आणि आई?"

"काका घेतील की जरा पाय जवळ."

हे काका कोण, ते गाड्यांच्या अड्ड्यावर कळलं. चंदेरी गाडी, एकच मालक, शंभूराव पोफळे. पांढरा सदरा घालून मागच्या सीटवर मधोमध बसलेले. पाठीमागच्या काचेवर 'श्रेया – वेदांत' अशी नातवंडांची नावं. गाडी विकायला लावून मुलगा परदेशी गेला, तेव्हापासून काका अड्ड्यावरच गाडीत बसून होते.

मोहोरगावात किल्लीवर सुपारी ठेवून हातात दिली की व्यवहार पक्का होतो. दलालाने किल्ली पुढे केली तेव्हा दिगंबरांनी हात मागे घेतला. "तुझ्या हातात घे. गाडी तुझ्या नावावर. घरच्या लक्ष्मीचा मान आहे तो."

उज्ज्वलाने किल्ली घेतली. मान कसला आणि काय! ज्याच्या हातात किल्ली पडली तो मालक, आणि मालकालाच कधीतरी मागे बसावं लागतं. हे तिच्या लक्षात आलं ते घरी येऊन कुकर लावताना. तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भाताचा गिचका झाला.

रविवारी दोघं साळशेतला निघाले. स्टिअरिंगवर उज्ज्वला, शेजारी दिगंबर, मागे काका.

"क्लचवर पाय ठेवून चालवू नका, ताई," काका म्हणाले.

"काका, तुम्ही गप्प बसा."

"चढावर सेकंड टाका. गाडी माझ्या सवयीची आहे."

"ती आता माझी आहे!"

"असेल की. पण सवय माझी आहे."

दिगंबर हसले. त्या हसण्याने तिचं डोकं आणखी फिरलं.

साळशेतला भाऊ आणि शेजारचे दोघं आईला खाटेवरून उचलून दारापर्यंत घेऊन आले. काका एका कोपऱ्यात सरकले. पाय पोटाशी घेतले. भाऊ आणि शेजारी आईला टेकवून बसवायला गेले, तशी ती अशी कळवळली की भावजय आत निघून गेली.

"दहा मिनिटं खाली उतरा ना, काका," दिगंबर म्हणाले.

"उतरता आलं असतं तर या काचेवरची नावं वाचत बसलो असतो का हो मी?" काकांचा आवाज चिरकला. "मला हौस आहे?"

"पुढे बसा मग."

"पुढची सीट चालू मालकाच्या घरच्यांची. आम्हाला मागचीच."

"मग सासूबाईंनीच थोडं सोसावं," दिगंबर म्हणाले. "तासाभराचा तर रस्ता. एवढे पैसे वाचवलेत आपण."

आईला परत खाटेवर निजवलं. ती तोंडात पदर कोंबून रडत होती. उज्ज्वलाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. मग ती मागच्या खिडकीशी गेली.

"काका, खिशात सुपारी असते ना तुमच्या?"

"असते. का?"

"द्या इकडे."

तिने किल्लीवर सुपारी ठेवली आणि ती काकांच्या हातात दिली. "गाडी परत तुमची. मला एक पैसा नको."

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" दिगंबर ओरडले.

"हो, फिरलंय! गाडी माझ्या नावावर आहे ना? मान आहे ना माझा? मग मी विकेन नाहीतर फुंकून टाकेन!"

काका दार उघडून खाली उतरले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी जमिनीवर पाय आपटून पाहिले आणि मान खाली घालून पुढे स्टिअरिंगवर जाऊन बसले; दिगंबर त्यांच्या शेजारी. उज्ज्वला मागे कोपऱ्यात बसली. आईला आडवं आत घेतलं, तिचं डोकं उज्ज्वलाच्या मांडीवर. साळशेतपासून घरापर्यंत आई एकदाही कळवळली नाही. वाटेत तिला झोपसुद्धा लागली.

घराशी दिगंबरांनी शेजाऱ्यांना बोलावून आईला आत नेलं, पलंगावर निजवलं. आई आतून विचारत होती, "उज्जू कुठाय? ती येत नाही का?"

"गाडी विकली गं मी, आई!" उज्ज्वला गाडीच्या खिडकीतून ओरडली.

दिगंबर धावत बाहेर आले. "काका, मी घेतो विकत. म्हणाल त्या किमतीला."

"घ्या की. मग मी आणि ताई, दोघं मागे. शिवाय दोघांचा चहा." काकांनी आरसा सारखा केला. "माझं ऐका, नवीच घ्या. जुन्यात माणसं येतात."

दिगंबर तिच्या खिडकीशी उभे राहिले. "अगं, पण आईंचं कोण करणार? त्यांना अंघोळ, भांडं..."

"तुम्ही," उज्ज्वला म्हणाली. "तासातासाने कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. भात मऊ लागतो तिला. आणि भांडं देताना तोंड वाकडं केलेलं तिला कळतं."

आतून सासूबाईंनी हाक मारली आणि दिगंबरांना जावं लागलं.

काकांनी गाडी सुरू केली. गाडी जागची हलेना, नुसती घुरघुरली.

"हँडब्रेक काढा आधी," उज्ज्वला मागून म्हणाली. "आणि संध्याकाळचा चहा मला बिनसाखरेचा लागतो."