धुमाळकाकूंचं पोतं

वरच्या मजल्यावरच्या धुमाळकाकू वजन कमी करायला रोज संध्याकाळी सात वाजता गव्हाचं पोतं उचलतात. उचलतात तोवर ठीक आहे. मग ते सोडतात, आणि त्यांची जमीन म्हणजे माझं छत.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधलं छत. पंखा हलतो, चुना गळतो, आणि बरोबर सातलाच माझी नोएडाच्या ऑफिसची ऑनलाइन मीटिंग असते. नोकरी नवी, अजून प्रोबेशनवर. परवा मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘तुम कन्स्ट्रक्शन साइट पे रहती हो क्या?’’ सगळे हसले. मी माइक बंद करून छताकडे बघत काकूंना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकू एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांना सगळ्या जगाच्या फाइली दिसतात. ‘‘चरबी म्हणजे काय? पेंडिंग फाइल. आज नाही हलवली, की बसली कायमची!’’ हे जिन्यात, मी घाईत असताना. वर मला आपादमस्तक न्याहाळून, ‘‘तू काय गं, काडी! आँधी आली तर मेट्रोशिवाय नोएडाला पोचशील.’’

माझ्या शरीरावर शेरा मारायला यांना नेमलं कोणी? आणि स्वतः? व्यायाम झाला की लोणी घालून आलू पराठे! वास खाली येतो. त्यातून वजन त्यांचं घटायला हवं ना? तर बाई दर रविवारी पोत्यातले गहू वाढवतात. ‘‘पंचेचाळीस किलो झाले! बिल्कुल थांबायचं नाही.’’

‘‘सरळ जाऊन सांग ना,’’ आई म्हणाली. आईला सोपं आहे. मला ऑटोवाल्याला ‘भैया, बस यहीं’ म्हणायलाही मनात तालीम करावी लागते. तरी शनिवारी धप्प झालं, तशी वाक्य पाठ करत वर गेले.

दार उघडंच होतं. पोत्याला काकांचा स्वेटर घातलेला. काकू त्याला मागून मिठी मारून, बोटं बोटांत अडकवून, जमिनीवरून खुर्चीवर चढवत होत्या. काकांचे हात थरथरतात, दोन वर्षं ते घरीच असतात. ते पलंगावरून बघत होते.

‘‘बघ,’’ मला म्हणाले, ‘‘इतक्या प्रेमानं हिनं मला कधी धरलं नाही.’’

‘‘तुम्ही गप्प बसा. तुम्ही बासष्ट किलो. अजून सतरा पेंडिंग आहेत.’’

काकूंनी ओढणीनं घाम पुसला आणि ऑफिसच्या आवाजात सांगितलं, ‘‘दिवाळीनंतर हे बाथरूमजवळ पडले. मला उचलताच येईना. मुलगा बंगळुरूला. दीड तास यांच्याशेजारी फरशीवर बसले. वजन कमी करतेय म्हटलं की लोक जास्त विचारत नाहीत, म्हणून तसं सांगते.’’ मग आठवल्यासारखं म्हणाल्या, ‘‘लाटण्यानं फरशीवर ठोकलंसुद्धा, तुमच्यासाठी. पण तुम्ही तिघं पुण्याला लग्नाला गेला होतात, नाही का?’’

आई-बाबा गेले होते. मी घरीच होते. मीटिंग चालू होती. वर काय ही ठोकाठोक म्हणून चिडून मी हेडफोनचा आवाज वाढवला होता.

‘‘हो,’’ मी म्हणाले.

मग काहीतरी करायला हवं म्हणून वाकले आणि पोतं खालून धरलं.

‘‘सोड, सोड,’’ काकू म्हणाल्या. ‘‘दोघींनी उचलायची सवय लागली, तर एकटीला कसं जमेल मला?’’