फाटकावरचे पंजे

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. निलंग्यात शिवलिंगअप्पांच्या घरासमोर मुलगी पाहायला लातूरहून आलेली पांढरी गाडी थांबली. आत माणसे पाच, आणि पाचांपैकी एकाचीही खाली उतरण्याची तयारी नव्हती.

भीती वधूपक्षाची नव्हती, गाडीची होती. उमाबाईंनी दिवाळीला सीटांवर मखमली कव्हरे चढवली होती. कोरडी थंडी पडली, तसा गाडीतून उतरणाऱ्याला पहिल्या स्पर्शालाच विजेचा चटका बसू लागला. मागच्या महिन्यात उदगीरला मुलीच्या वडिलांनी हात पुढे केला आणि उमाबाईंच्या मुलाने, सोमेशने, "आई गं!" म्हणून आपला हात मागे ओढला. "पोरीला इचारून कळवतो," असे म्हणालेल्या त्या मंडळींचा निरोप अजून यायचा होता. सोमेशला तेहतिसावे लागले होते.

त्याचे वडील मन्मथअप्पा यांनी तंत्रनिकेतनात आयुष्यभर वीज शिकवली होती. घरच्याच विजेने मुलाचे स्थळ घालवावे, हे त्यांच्या जिव्हारी लागले होते. म्हणून त्यांनी कार्यपद्धती आखली होती.

"पुन्हा ऐका. दार कोपरानं लोटायचं. कुणाला शिवायचं नाही. आधी जमिनीत रोवलेलं लोखंड धरायचं. बोटाचं टोक नाही, अख्खा तळहात!"

"आन् लोखंड न्हाई घावलं तर, दाजी?" उमाबाईंचे भाऊ गुरुबसप्पा म्हणाले. हे स्थळ त्यांनीच आणले होते.

"समोर फाटक हाय की, मामा," सोमेशची बहीण सृष्टी म्हणाली. "हिरवंगार!"

"त्यापेक्षा कव्हरंच काढली असती तर..." सोमेश पुटपुटला.

"माझ्या कव्हराला नावं ठेवायची न्हाईत," उमाबाईंनी विषय मिटवला.

पाचही जण कोपरांनी दारे लोटत उतरले, एका ओळीत फाटकाशी उभे राहिले आणि मन्मथअप्पांनी "हं!" म्हणताच पाच उजवे तळहात फाटकावर टेकले.

ओसरीवरून शिवलिंगअप्पा धावत आले. "अहो, थांबा! रंग वला हाय! काल सांजच्याला मारला, थंडीनं वाळलाच न्हाई!"

तळहात चिकचिकत सुटले. उमाबाईंनी गडबडून पदर सावरला. पदर हिरवा झाला. प्रसंग सावरावा म्हणून गुरुबसप्पा यजमानांना उराउरी भेटायला गेले. रंगाचा थर विजेला अडवतो, हे मन्मथअप्पांनी प्रत्येक तुकडीला शिकवले होते; आठवले मात्र आत्ता. "चट्!" आवाज झाला. दोघेही उडाले. यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, हिरवा पंजा उमटला.

मन्मथअप्पांना उदगीर दिसू लागले.

शिवलिंगअप्पांनी मान चोळली. "गाडीला मखमली कव्हरं हायत का?"

"हाव," उमाबाई पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आमच्या बी! आमची मंजू उतरली की हेच फाटक धरती. धरून धरून कडीजवळचा रंग उडाला. पाव्हण्यांनी काय म्हणावं, म्हणून तर रंगवलं!"

हसण्याचा गलका ऐकून मंजुश्री बाहेर आली आणि हिरवे हात पाहून टर्पेंटाइनची बाटली व चिंध्या घेऊन आली. तिने सर्वांना एकेक चिंधी दिली. सोमेशपाशी येताच तो दोन पावले मागे सरला.

"चिंधी खाली ठेवा. मी उचलतो," तो म्हणाला. "माझं अजून उतरलं न्हाई. तुम्हाला बसंल."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिले, चिंधी जमिनीवर ठेवली आणि आत गेली. त्या पाहण्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

जेवणे झाली, गप्पा झाल्या. निघताना शिवलिंगअप्पा म्हणाले, "पोरीला इचारून कळवतो."

तेच शब्द! लातूरला घरी उतरताना कार्यपद्धती कुणाच्या ध्यानात राहिली नाही, आणि पाचही जणांना चटके बसले. तक्रार मात्र एकाचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"अप्पा, फाटक परत रंगवायला माणूस बोलावला व्हता," शिवलिंगअप्पा सांगू लागले. "मंजूनं त्याला दारातनंच माघारी लावलं. म्हणाली, पंजे राहू द्या. काहून म्हणून मी बाहेर जाऊन बघितलं. एक पंजा बारका हाय, सोमेशच्या शेजारी. तुमची गाडी वळल्यावर उमटवला असंल."

मन्मथअप्पा खुर्चीत सरळ बसले. तंत्रशिक्षण झालेला माणूस खात्री केल्यावाचून निष्कर्ष काढत नाही.

"नीट मोजलेत ना?"

"दोनदा मोजले. सहा."