उन्हाची शिंक

आमच्या वाडीत घराबाहेर पडताना माणसं आधी आभाळाकडे बघत नसत, दाजींच्या पडवीकडे बघत. दाजी सावलीत असले तर भरभर निघायचं; उन्हात पाऊल टाकण्याच्या बेतात असले तर थांबायचं. कारण काळोखातून उन्हात आले की दाजी शिंकत, तेही अशा आवाजात की माडावरचा कावळा उडावा.

निघताना शिंक झाली की परत बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं, हा आमच्याकडचा नियम. बंदराची वाट दाजींच्या दारावरून जायची. मुंबईच्या आगबोटीला निघालेली कितीतरी माणसं ट्रंका खाली ठेवून त्यांच्या पडवीत पाणी पीत बसलेली मी पाहिली आहेत. दाजीच ओशाळून तांब्या आणत. "काय करू मरे? नाक माजा, पण हुकूम दुसऱ्याचो."

मी वाडीतला पहिला पदवीधर. बी.एस्सी. होऊन इथल्याच हायस्कुलात शिकवू लागलो तेव्हा वाटलं, कॉलेजात सरांनी एवढं मनापासून शिकवलं, त्याचा वाडीला काही उपयोग व्हावा. दाजींना समजावलं, लख्ख उजेड डोळ्यांत शिरला की काही जणांच्या मेंदूत गल्लत होते आणि डोळ्याचा निरोप नाकाला पोचतो.

दाजींनी बराच विचार केला. "म्हणजे आपलो पोस्टमन वरच्या सावंताचा पत्र खालच्या सावंताक देता, तसा?"

"अगदी तसाच."

"मगे डोळ्याक मिळूचा ता नाकान फोडल्यान. पण पत्रात काय लिवलेला होता?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. 

तरी दाजींना शास्त्र पटलं असावं. त्या मे महिन्यात त्यांचा एकुलता मुलगा मधू बायकोपोरासह मुंबईला परत निघाला आणि घरापुढच्या ऐन खळ्यात दाजी शिंकले. मधू ट्रंक खाली ठेवणार, तोच दाजी म्हणाले, "जा रे, जा. मास्तर म्हणता, नुसती नाकाची चूक."

पावसाळ्यात कळलं, नातवाला विषमज्वर झाला होता. पोर वाचलं. दाजी मला एका शब्दानेही बोलले नाहीत. हा ताप घाण पाण्यातून येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायला गेलो की पडवीत पाणी पिऊन तसाच परत यायचो.

पुढच्या मे महिन्यात मधू पुन्हा येऊन राहिला. निघायच्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो, तर दाजी पडवीत नाहीत. शोधत आत गेलो. माजघरामागच्या, बाळंतपणासाठी राखलेल्या काळोख्या खोलीत ते भाताच्या कणगीला धरून उभे होते.

"दाजी, डोळ्यांर पंचो घेवन पडवीत तरी येवा."

"मगे बघतलंय कसो?"

"आणि हयसून काय दिसता?"

"तू आसस मरे. माजघराच्या दारात उभो ऱ्हव आणि सांग. खंय पावले?"

"खळ्यातसून उतारले."

"पोर?"

"मदूच्या खांद्यार."

"डोक्यार टोपी आसा?"

"आसा. दाजी, शास्त्र खोटा नाय. तुमच्या शिंकेन काय एक होना नाय."

"नाय होना. माका म्हायत आसा," दाजी म्हणाले, पण कणगी काही सोडली नाही. माहीत आहे तर मग हे काळोखात का, हे मला कळेना.

ओढ्यावरच्या साकवावर मधू थांबला आणि वळला. पडवीत कोणीच नव्हतं. त्याने पोराला उंच धरलं आणि पोर त्या रिकाम्या पडवीकडे बघून हात हलवू लागलं.

"दाजी, वळले! नातू हात करता. येवा भायर!"

"माका करता?"

"तुमकाच."

दाजी पुढे आले. माजघरात उन्हाची पट्टी पडली होती, तिच्या अलीकडेच थांबले. मग तिथेच, काळोखात, त्यांनी हात वर केला आणि हळूहळू हलवू लागले.

"तेना हात खाली केल्यान की सांग," ते म्हणाले.

मधू साकव ओलांडून माडांआड गेला. मी ते दाजींना सांगितलं नाही, आणि त्यांचा हात हलत राहिला.