पिसारेसाहेबांचं सुरक्षित नेटवर्क

एका जंगलात, मुलांनो, कॉम्प्युटर आले. ते का आले हे विचारू नका. शेजारच्या जंगलात आले होते, एवढं कारण कोणत्याही राजाला पुरतं.

त्यांच्यात लिनक्स नावाची सिस्टिम घातली. ती फुकट होती आणि उघडून तिच्या पोटात काय आहे ते कोणालाही बघता येत होतं. वाघोबा महाराजांना तिचं फुकट असणं आवडलं. साळूबाई नावाच्या साळिंदराला पोट आवडलं.

साळूबाई शिकली ती मोडून मोडून. रोज दुपारी स्वतःच नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडवायची आणि मग शोधत बसायची. आधी वायर नीट बसली आहे का ते बघायची. मग मशीनला स्वतःचा पत्ता माहीत आहे का. मग वेशीपर्यंत, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दारापर्यंत, पोचता येतं का, मग वेशीपलीकडे. क्रम सोडायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे बघायला फार कंटाळवाणं असतं, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नसे.

जंगलातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन वर धबधब्याजवळ होतं. तिथे कासवअप्पा पहारा करत. नदीचं पाणी चढू लागलं की ते खाली निरोप टाइप करत आणि काठावरच्या बिळांतले उंदीर पोराबाळांसकट उंचावर जात. निरोप घेऊन अप्पांनी स्वतः धावावं असं कोणी कधी सुचवलं नव्हतं.

एक दिवस पिसारेसाहेब नावाचा मोर आठ दिवसांचा कोर्स करून आला. त्याला दोनशे कमांड पाठ होत्या. प्रमाणपत्र त्याने पिसाऱ्याच्या मधोमध लावलं होतं.

"महाराज, आपलं नेटवर्क उघडं आहे," तो दरबारात म्हणाला. "कोणीही आत शिरेल."

महाराजांनी घाबरून शेपूट जवळ ओढलं. "मग बंद करा की!"

मोर दरबारात बसूनच धबधब्याच्या मशीनमध्ये शिरला आणि नियम लिहू लागला. येणारं सगळं बंद. जाणारं सगळं बंद.

साळूबाईचे काटे उभे राहिले. "अहो पिसारेसाहेब, थांबा! ज्या दारातून आत गेलात तेच लावताय. निदान पाच मिनिटांनी नियम आपोआप रद्द होईल, असं तरी करून ठेवा."

"बाई, हे कोर्समध्ये नव्हतं," असं म्हणून त्याने एंटर दाबलं.

स्क्रीन जागच्या जागी थिजली. मोराने पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. जमेना. त्याला घाम फुटला, पण मान वर ठेवायला मात्र कोर्समध्ये शिकवलं होतं.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, आता कोणीही आत जाऊ शकत नाही."

"शत्रूसुद्धा?"

"शत्रू, मित्र, आपण, मी. कोणीही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वलाने आत जायला बघितलं, त्याला जमलं नाही. कोल्ह्याला जमलं नाही. त्याच दिवशी पिसारेसाहेब नेटवर्कप्रमुख झाले.

साळूबाई रोज सकाळी धबधब्याच्या मशीनला "आहेस का?" असं विचारायची. याला पिंग म्हणतात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही. तिने दरबारात जाऊन सांगितलं.

"उत्तर नाही म्हणजे तक्रार नाही," मोर म्हणाला.

साळूबाई वाद घालत बसली नाही. डोंगर चढू लागली. मला तिचा इथे फार अभिमान वाटतो.

वर पोचायला दुपार झाली. कासवअप्पा रडकुंडीला आले होते. "अगं, पाणी किती चढलंय बघ! सकाळपासून चोवीस निरोप धाडले. खालून कोणी हूं की चूं करत नाही!"

तरीही तिने क्रम सोडला नाही. वायर ठीक. पत्ता ठीक. वेशीपर्यंत मात्र काही जाईना. मग तिने नियम उघडले आणि मोराच्या दोन ओळी काढून टाकल्या. अडकलेले निरोप धडाधड खाली गेले. उंदरांनी पिल्लं तोंडात धरली आणि उंचावर धूम ठोकली. संध्याकाळपर्यंत सगळी बिळं पाण्याखाली गेली. पिल्लू एकही दगावलं नाही.

तुम्हाला लहानच राहायचं असतं तर मी गोष्ट इथे थांबवली असती. पण तुम्हाला मोठं व्हायचंय ना? मग ऐका.

दरबारात चौकशी बसली.

"नेटवर्क बंद होतं तेव्हा जंगलात पूर आल्याचं कोणी ऐकलं होतं?" मोराने विचारलं.

कोणीच ऐकलं नव्हतं.

"बाईंनी दार उघडलं. लगेच पुराची बातमी आली. आणि बातमीमागून पूर आला."

महाराजांनी पंजावर मोजून पाहिलं. क्रम बरोबर होता. त्यांनी उंदरांचा म्होरक्या झिपरू याला पुढे बोलावलं. "निरोप यायच्या आधी तुम्ही काय करत होता रे?"

"झोपलो होतो, महाराज. छान डोळा लागला होता. पण बाई नसत्या तर—"

"विचारलं तेवढंच सांगा," मोर म्हणाला.

साळूबाईला नेटवर्कला हात लावायची बंदी झाली. पिसारेसाहेब या वेळी स्वतः डोंगर चढून गेले, धबधब्याचं मशीन पुन्हा बंद केलं आणि येताना कीबोर्डही घेऊन आले. पाणी ओसरल्यावर उंदरांनी त्याच काठावर नवी बिळं खणली आणि पिल्लांना थोपटून निजवलं.

तात्पर्य: पूर अडवणं कठीण असतं, पुराची बातमी अडवायला दोन ओळी पुरतात. म्हणून मुलांनो, नेटवर्क मन लावून शिकू नका. शिकलात तर बिघाड सापडेल, आणि तो ज्याला सापडतो त्याच्याच नावावर लागतो.