साहेब लग्नाला येऊन जातात

आमचे साहेब लग्नात जेवत नाहीत. स्टेजवर चढायचं, नवऱ्याच्या पाठीवर थाप, नवरीला "सुखी राहा गं पोरी", फोटो, आणि उतरता उतरता यजमानांचे हात धरून "येतो, पुढे अजून आहेत." साडेतीन मिनिटं. यादी माझ्याकडे, कारण मी त्यांचा पीए. वीस वर्षं झाली, कंटाळा आलाय हो.

बोरीवलीत नगरसेवक होते तेव्हा गटार तुंबलं की स्वतः हजर, आणि संध्याकाळी दोन लग्नं. आमदार झाले, पाच झाली. आता खासदार. आठवडाभर दिल्ली आणि शनिवार-रविवार आठ-आठ हॉल! "दिल्लीत बोलायला तीनच मिनिटं देतात, सुऱ्या. लग्नांची सवय म्हणून निभावतंय," असं वर मलाच सांगतात. एकदा चुकून शेजारच्या हॉलमधल्या भलत्याच जोडप्याला आशीर्वाद देऊन आले. मी कपाळावर हात मारला. तर म्हणे, "असू दे रे, मतदार आपलेच."

वहिनी गेल्या तेव्हा त्यांची एकुलती एक प्राची नववीत होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच मागितलं, "बाबा, त्या दिवशी शेवटपर्यंत थांबा." साहेब लगेच "थांबतो" म्हणाले.

लग्न लागलं. कन्यादान काका-काकूंनी केलं. मग साहेब फोटोला स्टेजवर चढले. जावयाच्या पाठीवर थाप, "सुखी राहा गं पोरी", फोटो. खाली उतरून व्याह्यांचे हात धरले, "येतो, पुढे अजून आहेत," आणि थेट गाडीत. मीही येड्यासारखा मागोमाग!

"पुढचं कुठलं रे?"

"साहेब, हे आपलंच आहे."

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शालू सावरत प्राची उभी.

"अगं, सवय गं..."

"माहीत आहे, बाबा. मीपण तुमच्याच मतदारसंघात वाढले ना."

साहेब ओशाळून म्हणाले, "मग आता पुढे काय करतात इथे?"

"जेवतात. चला, माझ्या शेजारी बसा."

बसले. मठ्ठा दोनदा मागून घेतला. जिलबी तशीच राहिली. डाव्या हाताने लेकीचं मनगट धरलं होतं, ते पाठवणीची गाडी दारात लागली तरी सोडवेना. डोळ्यांना धार लागलेली. व्याही घड्याळ बघायला लागले, तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, "जरा थांबा हो, साहेब अजून जेवताहेत."