आधी हात, मग हत्यार

माझी बायको नलिनी सोमवारी गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. अकरा वाजता शववाहिनी आली.

सोसायटीतले लोक जिन्याखाली उभे होते. त्यांच्यातून पांढरा शर्ट घातलेला एक उंच म्हातारा बाजूला झाला, शववाहिनीजवळ वाकला आणि एकामागून एक चारही चाकांना त्याने हाताची उलटी बाजू टेकवून पाहिली. मग ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "मागचं डावं गरम हाय. ब्रेक धरतोय. सावकाश न्या. आत ताई हायेत."

ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. गाडी सावकाश गेली.

त्या दिवसातलं मला फारसं काही आठवत नाही. हे आठवतं.

तो म्हातारा म्हणजे तळमजल्यावरचे ओव्हाळ भाऊ. गाव कामशेतच्या पलीकडे, नोकरी रेल्वेत, आणि निवृत्तीनंतर मुक्काम तळेगावात, घोरावाडी स्टेशनाला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत. पुण्याकडून आलेल्या गाड्या घाट उतरण्याआधी लोणावळ्याला थांबत. त्यांची चाकं आणि ब्रेक तपासायचं काम भाऊंनी अडतीस वर्षं केलं. सुटलेला ब्रेक जेवढा वाईट, तेवढाच न सुटणारा वाईट, असं ते सांगत. न सुटणारा ब्रेक चाकाला चिकटून राहतो, चाक तापतं. ते हाताला कळतं.

निवृत्तीनंतर गाड्या संपल्या, हात राहिला. संध्याकाळी सहा ते साडेसात भाऊ सोसायटीच्या फाटकाशी उभे राहत आणि आत आलेल्या प्रत्येक मोटारीच्या चाकांना उलटा हात लावत. सी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांना पहिल्याच दिवशी वाटलं, चोर आहे.

"ओ काका! काय काढताय चाकाचं?"

"काडत न्हाई, बघतोय. हँडब्रेक लावूनच आलात व्हय हिंजवडीपासनं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय न्हाई. पेटली तर तुमची पेटंल."

गृहस्थ तावातावाने सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरींनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हँडब्रेक लागलेला होता का?" होता. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच भाऊंजवळ गाडी हळू करू लागले.

भाऊंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत चाकाचं तापमान मोजायला साहेबांनी पिस्तुलासारखं एक यंत्र दिलं होतं. भाऊंनी ते इमानाने कमरेला लावलं आणि हातच वापरला. "बंदूक आकडा सांगती," ते म्हणत, "हात कारन सांगतो." त्यांचं आवडतं वाक्य मात्र वेगळं होतं. नळ गळत असो, मिक्सर बंद असो, कुणाच्या लेकराला ताप असो, भाऊ पुढे होऊन म्हणणार, "आधी हात, मग हत्यार."

नलिनी गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी माणसं पांगली. मग संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला भाऊ दारात दिसू लागले.

"सर, आजचा पेपर झाला का वाचून?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वाचायला मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण पेपर परत येई तेव्हा त्याची घडी जशीच्या तशी असे, हे माझ्या नजरेतून सुटत नव्हतं. तीस वर्षं मी परत आलेली पुस्तकं बघितली आहेत. वाचलेला कागद आणि न वाचलेला कागद मला ओळखता येतो. मनात म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

आमच्या घरची गाडी नलिनीची. ती चालवायची, मी शेजारी बसून वाचायचो. लायसन्स माझ्याकडेही होतं, कपाटात. ती गेल्यावर गाडी पाच महिने कदंबाच्या झाडाखाली उभी राहिली. बंगळुरूहून अनिकेत, माझा मुलगा, दर रविवारी फोनवर तेच सांगायचा. "बाबा, गाडी विका, फ्लॅट भाड्याने द्या आणि इकडे या." शेवटी मी हो म्हणालो. चाकणचा एक खरेदीदार बघूनही गेला. फक्त म्हणाला, गाडी चालू स्थितीत द्या.

मी ती पेट्रोल पंपापर्यंत नेली आणि आणली. ओढून नेल्यासारखी चालत होती. फाटकात शिरलो तेव्हा जळका वास येत होता. भाऊंनी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि टेकवायच्या आधीच मागे घेतला.

"डिस्क ब्रेक धरलाय, सर. गॅरेजात कशाला? आपन हितंच करू. रविवारी."

मी म्हणालो, "विकायचीय, भाऊ. मग मी अनिकेतकडे जाणार."

"व्हय का," भाऊ म्हणाले, आणि हात पँटला पुसला.

पहिल्या रविवारी त्यांनी बाकीच्या चाकांना विटा लावल्या आणि पुढची बाजू जॅकवर उचलली. उजवं चाक हाताने ढकललं की दोन फेरे फिरे. डावं अर्ध्यातच थांबे. भाऊंनी मला आत बसवलं. "दाब कमी पडतोय. पाय मारा ब्रेकवर. दाब भरला की सुटंल."

मी पाय मारू लागलो.

"अजून. जोरात. सर, पुस्तक न्हाई ते, हळू उलटायला!"

मी जोरात मारले. अर्धा फेरा फिरणारं चाक तेवढंही फिरेना. बाल्कन्यांतून लोक बघत होते. सेक्रेटरी वरून म्हणाले, "भाऊ, सोडवताय की बांधताय?"

भाऊंनी गाडी जॅकवरून उतरवली. हत्यारं पिशवीत भरली आणि घरात गेले. सोमवारी पेपर न्यायला आले नाहीत. मंगळवारीही नाही. साडेसात वाजता मी दाराकडे बघतो आहे, हे त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं.

बुधवारी आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "सर, तुमची गाडी उलटी हाय."

मग खुर्चीवर बसून त्यांनी समजावलं. रेल्वेच्या गाडीत पाइपात हवेचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेला असतो. दाब गेला की ब्रेक लागतो. मुद्दामच तसं केलेलं आहे. घाटात दोन डब्यांची जोडणी तुटली, तर पाइपही तुटतो, हवा जाते आणि गाडी आपली आपण उभी राहते. मोटारीत उलट आहे. पायाने दाब द्यायचा, तेव्हा ब्रेक लागतो. अडतीस वर्षांच्या सवयीने भाऊ सुटण्यासाठी दाब भरत होते आणि ब्रेक आणखी आवळत होते.

"जोडी तुटली की जागच्या जागी उभी ऱ्हाती ती रेल्वे," ते म्हणाले. पाच महिने पडदे न सरकवलेल्या खोलीवरून त्यांनी नजर फिरवली. "सर, तुमी रेल्वेतले दिसता."

मी बऱ्याच दिवसांनी हसलो. भाऊंनी पेपर उचलला आणि गेले.

दुसऱ्या रविवारी चाक काढलं. ब्रेकची चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरणारा भाग असतो, कॅलिपर. भाऊंनी त्याच्यावरचा बारीक नट जरा सैल केला. ब्रेक ऑइलचे दोन थेंब आले. चकती तशीच घट्ट. "म्हंजे दाब अडकलेला न्हाई. चिमटाच अडकलाय." नट पुन्हा आवळून त्यांनी कॅलिपर सोडवला आणि तारेने वर बांधून ठेवला. मी विचारलं, खाली लोंबकळू दिला तर? "त्यो रबरी पाइप म्हंजे नरडं हाय त्याचं. नरड्यावर कुनी टांगतं का?"

चिमटा ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, त्यांतली एक सहज निघाली. दुसरी गंजून आत बसली होती. तेल, लाकडी हातोडी आणि भाऊंच्या गावाकडच्या काही शब्दांनंतर तीही आली. तिच्यावरचं रबर फाटलं होतं. पाणी आत जाऊन गंज चढला होता. उभ्या गाडीला हे होतंच, भाऊ म्हणाले. पिना आणि रबरं नवी लागतील. पुण्याहून मागवतो.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली, एका बाजूने पाय नसल्यासारखी. एक आठवडा गेला. दोन गेले.

"भाऊ, सामान आलं का?"

"येतंय. मालगाडी हाय ती. तिला टायमटेबल नसतं."

चाकणहून फोन येत होते, बंगळुरूहून येत होते. मधल्या काळात भाऊंनी मला तारेचा ब्रश देऊन चकतीच्या कडेचा गंज घासायला बसवलं. मग कॅलिपरची चौकट. मग, काही कारण नसताना, उजवी बाजू. रोज संध्याकाळी तासभर मी झाडाखाली बसून लोखंड घासत होतो आणि भाऊ शेजारी बसून रुळावरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकत सांगत होते, "चौथ्या डब्याचं चाक चपटं झालंय. ऐकू आलं?" मला येत नव्हतं. नंतर नंतर यायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी भाऊ गाडीखाली आडवे होते. दोन्ही हात काळे. "सर, माज्या घरातनं बॅटरी आना जरा. दार उघडंच हाय. टेबलावर असंल."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात गेलो नव्हतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी त्यांच्या पत्नीचा फोटो. ओट्यावर एक ताट, एक पेला, एक कप. टेबलावर बॅटरी होती. तिच्याशेजारी वर्तमानपत्रांची रास होती. मी घेतो तेच वर्तमानपत्र, पण त्यांनी स्वतः घेतलेलं. रोजचं, वापरून मऊ पडलेलं, शब्दकोडी पेन्सिलीने सोडवलेली. आजचाही अंक होता, वाचून झालेला.

राशीवर पुठ्ठ्याचा एक लहान खोका होता. त्याच्यावर पुण्याच्या दुकानाचा शिक्का आणि आमच्या गाडीचं नाव होतं. झाकण उघडून पुन्हा लावलेलं. चिठ्ठीवरची तारीख सतरा दिवसांपूर्वीची होती.

मी बॅटरी घेतली. खोका होता तसा ठेवला.

"लय वेळ लागला, सर," गाडीखालून आवाज आला.

"सापडत नव्हती."

मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मी बॅटरी खाली सरकवली. ती घेतली गेली. पेटली नाही.

"भाऊ, चाकणच्या माणसाला मी नको म्हणून सांगतो."

पाय हलले नाहीत.

"का?"

"गाडी ठेवावी म्हणतो. मला नीट येत नाही, पण शिकता येईल. अनिकेतकडे पंधरा दिवस जाऊन येईन."

मग गाडीखालून आवाज आला, "घाट उतरवायचा न्हाई लगेच. आधी कामशेतपत्तुर."

"बरं."

"आन् हँडब्रेक लावून ठिवायची न्हाई म्हैनाम्हैना. गिअरात ठिवायची, चाकाला वीट लावायची."

"बरं."

मग बॅटरी पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. भाऊ दारात होते, आंघोळ करून, पांढऱ्या शर्टात. हातात खोका.

"आलं बघा सामान. रातच्या गाडीनं."

खोक्यावर धूळ होती. मी ती पुसली नाही. "बरं झालं," मी म्हणालो.

पिनांना ब्रेकचं खास ग्रीस लावून बसवायला आम्हाला तासभर लागला. चाक चढवल्यावर भाऊंनी ते मला ढकलायला सांगितलं. ते तीन फेरे फिरलं.

आता गाडी झाडाखाली असते. दर रविवारी मी ती कामशेतपर्यंत नेतो. भाऊ शेजारी बसतात आणि शब्दकोडं सोडवतात. परत आल्यावर ते उलटा हात लावून चारही चाकं बघतात, आणि मग मीही बघतो. साडेसात वाजता ते पेपर न्यायला येतात. सकाळी तो परत येतो, घडी न मोडलेला.